कुंपणावरचं झाड

कुंपणापलीकडच्या झाडाने घड्याळजींच्या नाकी नऊ आणले होते. पन्हळीत त्याची पानं, फरशीखाली त्याची मुळं. “ज्याचं झाड त्याने निस्तरावं, कायदाच आहे तसा,” असं ते शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींना उठताबसता ऐकवायचे. वहिनी उलटून बोलत नसत. गेली अकरा वर्षं त्या रोज सकाळी येऊन घड्याळजींचं अंगण झाडून जायच्या, शिडी लावून पन्हळसुद्धा साफ करायच्या.

शेवटी वहिनींना झाड तोडायलाच लावायचं, म्हणून घड्याळजींनी सरकारी मोजणी मागवली. मोजणीदाराने फीत ताणली, नकाशा दोनदा पाहिला आणि म्हणाला, “काका, कुंपणच चुकलंय. झाड तुमच्या हद्दीत आहे.”

घड्याळजींचं तोंड एवढंसं झालं. “वहिनी, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझाच कचरा काढलात?”

“मला माहीत होतं, भाऊजी. घर घेतानाच मी मोजून घेतलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

वहिनींनी झाडू कुंपणाला टेकवला.

“तुमचं आहे म्हटलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी तोडलं असतंत.”