धाकट्याचा चौथा खांब

या, जरा सरकून बसा. एका आईची गोष्ट सांगतो. तैवानातल्या थायनान गावच्या ख्वांगमिंगचा आपल्या जुळ्या भावावर, यिशेंगवर, लहानपणापासून जळफळाट. तिकडे जन्मपत्रिकेला चार खांब; त्यातले वर्ष, महिना, दिवस हे तीन दोघांचे सारखेच. पण यिशेंग म्हणे थोडा मागून आला, मधेच प्रहर बदलला, आणि त्याचा चौथा, जन्मवेळेचा खांब असा शुभ जुळला की ज्योतिषी हात जोडून उभा राहिला. तेव्हापासून कोंबडीची तंगडी यिशेंगला, शाळा यिशेंगला. आणि आज ख्वांगमिंगच्या मनात भरलेल्या मेईचिनच्या घरूनही मागणं आलं, ते यिशेंगच्याच पत्रिकेला. यिशेंगची पत्रिका लिहिलेला लाल कागद ख्वांगमिंगने मुठीत चुरगळला.

"आई, घटकाभर मला पोटात थांबवता आलं नाही तुला?"

"हळू बोल. थांबलाच होतास रे. मागून आलास तो तू. यिशेंग आधी आला, मूठभर, धड रडलासुद्धा नाही. असल्या पोराला जगवायचा खटाटोप तुझ्या आजीने करू दिला नसता. ती दाराबाहेर होती. पुढचा प्रहर शुभ, हे ज्योतिषाने आधीच सांगून ठेवलं होतं. मी सुइणीचे पाय धरले; म्हटलं, हाच मागून आला असं सांग. तू तसाही जगला असतास, बाळा. त्याला जगायला पत्रिका हवी होती."

 ख्वांगमिंगने मांडीवर कागद सारखा केला आणि अंगणात हाक मारली, "यिशेंग, घेऊन जा रे, तुझी पत्रिका!"

मंडळी, त्या माउलीची आठवण असू द्या.