डाव्या खिशातली फूट

गेलेर्टच्या कोटाच्या उजव्या खिशात खोटी फूट होती आणि डाव्या खिशात खरी.

खोटी म्हणजे द्राक्षाचीच, पण मळ्यातली नव्हे. त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, धुराड्याच्या उबेला, एक वेल चढलेली होती, तिच्यावरची. चांगली चार बोटं लांब, हिरवीगार, टोकाला गुलाबी. खरी टेकडीवरच्या मळ्यातली. आठवड्यापूर्वी एका पहाटे हिम पडलं आणि टेकडीवरचा एकूण एक कोंब जळाला. आज सकाळी त्याने वेलीच्या काडीचा तुकडा कापला, तर त्यावर गव्हाच्या दाण्याएवढी काळी गाठ. दुसऱ्यांदा बघायची हिंमत झाली नाही. तशीच खिशात टाकली आणि घरी येऊन भिंतीवरची तोडली.

कारण आज चोवीस एप्रिल, संत जॉर्जचा दिवस. कोसेग शहरात पावणेतीनशेहून जास्त वर्षं या दिवशी मळ्यांतली कोवळी फूट आणतात आणि शहराच्या पुस्तकात तिचं चित्र आहे त्या मापाचं काढतात. गेलेर्टच्या टेकडीची फूट पणजोबांपासून एकही वर्ष चुकलेली नव्हती. यंदा तिथे काळी गाठ काढून घ्यायची, या विचारानेच म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

किल्ल्यातल्या दालनात गर्दी होती. बाहेरगावची पंधरावीस माणसं बुरूज, चर्च, जुना चौक बघून शेवटी पुस्तकाशी आली होती. टेबलाशी शाळेतली चित्रकलेची बाई एमोके रंग कालवत होती. तिच्यापुढच्या ताटलीत योलानची फूट. योलानचा मळा गेलेर्टच्या खालच्या अंगाला. तिचं तर त्याच्याहून जास्त जळलेलं. ताटलीत मात्र वीतभर टवटवीत हिरवं.

"झकास आहे गं," गेलेर्ट हळूच म्हणाला. "हिमाला तुझ्या मळ्याचा पत्ता सापडला नाही वाटतं."

"तुझ्या खिशातून हिरवं डोकावतंय ते आधी आत ढकल," योलान म्हणाली. "मग बोल मला."

तेवढ्यात एका पाहुण्या बाईने विचारलं, "काहीच आलं नाही असं वर्ष कधी झालं का हो?"

एमोकेने ब्रश खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी पानं मागे उलटू लागली. लढाया मागे गेल्या, राजे मागे गेले. फुटी येतच राहिल्या, कुठे बोटभर, कुठे वीतभर, प्रत्येक जणू आत्ताच तोडून ठेवलेली. कुजबुजणारी माणसं टेबलाजवळ सरकली.

एका पानावर ती थांबली. सगळं पान कोरं. मधोमध काडीचा एक तुकडा, त्यावर काळा ठिपका. खाली गेलेर्टच्या टेकडीचं नाव, आणि पणजोबांच्या वेड्यावाकड्या अक्षरात दोन शब्द: एवढंच आलं.

हे पान गेलेर्टने कधी पाहिलेलं नव्हतं. घरात सहा पोरं, वर्षाची दारू बुडालेली, आणि तो माणूस टेकडी उतरून एवढंसं घेऊन इथे आला होता. स्वयंपाकघराची ती उबदार भिंत तेव्हाही होतीच की!

"गेलेर्टकाका, तुमच्या टेकडीचं पान निघालंच, तर आधी तुमची द्या," एमोके म्हणाली. "योलानकाकूंची त्यानंतर घेते."

गेलेर्टचा हात उजव्या खिशाकडे गेला, थांबला, आणि डाव्या खिशात शिरला. काडीचा तुकडा त्याने ताटलीत ठेवला.

योलानने त्याच्याकडे पाहिलं, काडीकडे पाहिलं. मग आपली वीतभर फूट उचलून पर्समध्ये टाकली. "माझी राहू दे गं एमोके," ती कोणाकडेच न बघता म्हणाली. "खरी घरी राहिली. घेऊन येते मागाहून."

एमोकेने पुस्तक पुन्हा आजच्या पानावर आणलं आणि डोळ्याला भिंग लावलं. हिरवी फूट ती अर्ध्या तासात काढते. या काळ्या गाठीला तासावर वेळ लागला. काळ्यात तिने तपकिरी घातला, जांभळा घातला, पुसटसा निळा घातला. मध्येच बाहेर घंटा घणघणल्या. एका पाहुण्याने घड्याळ पाहिलं.

"घड्याळ बरोबर आहे तुमचं," योलान म्हणाली. "दुपारची घंटा आम्ही अकरालाच वाजवतो. पूर्वी किल्ल्याला वेढा घालून बसलेले तुर्क अकराला पळाले, मग बारापर्यंत कशाला ताटकळायचं?"

हशा पिकला. गेलेर्ट हसला नाही. त्याची नजर ब्रशच्या टोकावर होती. एमोकेने ब्रश धुतला, हिरव्यात बुडवला आणि काळ्या गाठीच्या बुडाशी मोहरीहून लहान ठिपका दिला.

"हे काय?" तो गरजला. "माझी दया नको करूस. नाही ते काढू नकोस त्यात! त्या पुस्तकात खोटं जायचं नाही!"

खिशातल्या फुटीची त्याला आठवण झाली आणि त्याचे कान लाल झाले.

एमोकेने भिंग त्याच्या हातात दिलं आणि खुर्ची सोडली.

तो वाकला. त्या जळलेल्या गाठीला चिकटून, सालीच्या फटीतून, कोंबाचा दुसरा डोळा फुटत होता. हिरवा. ओलसर. पन्नास वर्षं वेली छाटलेल्या त्या माणसाला, पहिला डोळा जळाला की शेजारचा फुटतो, हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण आठवडाभर तो टेकडीकडे पाठ करून बसला होता. आता त्याचा श्वास भिंगावर साचला. त्याने बाहीने ते पुसलं आणि पुन्हा बघत राहिला. दुसऱ्या हाताने त्याने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"अरे, काय दिसतंय?" योलानने त्याचा कोट ओढला. "सांग की!"

गेलेर्टने भिंग तिच्यापुढे धरलं.

"तूच बघ," तो म्हणाला. "आज मी सांगून तुला खरं वाटायचं नाही."