आतल्या काचा

मोहिराच्या पट्ट्यात लाल डोक्याच्या नऊ खुंट्या होत्या. सकाळी तिनंच त्या ठोकल्या होत्या. गुडघे मोकळे करायला ती टाचांवर बसली, मान वर केली, तेव्हा तिला चारच दिसल्या. पलीकडच्या पाच तांबूस डाग होऊन एकमेकांत मिसळल्या होत्या.

गॉगलवर वाफ नव्हती. हाताखालची माती तर कण न् कण दिसत होती.

सुरुंग काढणाऱ्या त्यांच्या तुकडीत चष्म्याचा नंबर दोघींनाच होता: तिला आणि झुलैखोताईला. गॉगलच्या आत अडकवायच्या त्यांच्या नंबरच्या काचा एकाच साच्याच्या चौकटीत बसवलेल्या. वाफ धरू नये म्हणून आज त्या साबणाच्या पाण्यातून काढल्या होत्या मोहिरानं. दोन्ही जोड्या, एकाच वाडग्यात.

ताईचा नंबर तिच्या निम्मा, आणि त्याच काचा आज हिच्या गॉगलमध्ये आल्या होत्या. म्हणजे मोहिराच्या जाड काचा आता ताईच्या डोळ्यांवर होत्या. त्यातून ताईला सगळं रेखीवच दिसणार. फक्त आहे त्याहून लहान, आणि लांब.

शेजारच्या पट्ट्यात ताई ओणवी होऊन खुरप्यानं माती खरवडत होती. धातू हुडकणारं यंत्र बाजूला ठेवलेलं. म्हणजे ते कशावर तरी वाजलं होतं.

हाक मारायची सोय नव्हती. जमिनीला हात लागलेल्या माणसाला या डोंगरावर कोणी हाक मारत नसे. दचकलेला हात कुणाचं ऐकत नाही. मोहिरा आल्या वाटेनं मागे गेली आणि तुकडीप्रमुख सफरबेकला तिनं हलक्या आवाजात सगळं सांगितलं. त्याचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला आणि तिथंच थांबला.

"हात उचलू दे तिला," तो म्हणाला.

दोघं उभी राहिली. खालून पंज नदीचा आवाज येत होता. खुरपं खरवडे, थांबे, पुन्हा खरवडे. मोहिरा मनातल्या मनात ताईच्या पोरांची नावं घेत होती. एरवी हिची कंबर घडीघडीला धरते, आजच मेली कशी धरत नाही, असं सफरबेक पुटपुटला.

शेवटी ताईनं खुरपं ठेवलं आणि पाठ सरळ केली.

"झुलैखो," जेवायला बोलवावं तशा सुरात तो म्हणाला, "चहा निवतोय. कशाला हात लावू नकोस. आल्या वाटेनं ये."

ती आली. काय झालं ते मोहिरानं खाली मान घालून सांगितलं. ताईनं गॉगल उतरवून आतल्या काचा काढल्या.

"सकाळपासून जमीन मागे मागे सरकत होती," ती म्हणाली. "मला वाटलं, चाळिशी लागली. बोलले असते तर दादा, तुम्ही मला चुलीपुढं बसवलं असतं."

"बसवलंच असतं. आणि तुझ्या हातचा पुलाव खाऊन अख्खी तुकडी आडवी झाली असती."

कोणी हसलं नाही. सफरबेक मोजपट्टी घेऊन एकटाच तिच्या जागेपर्यंत गेला. यंत्र वाजलेल्या जागेवर खुणेची लाल चकती होती. चकती दहा सेंटिमीटरवर राहिली की खुरपं ठेवायचं आणि टोचून पाहायची सळई घ्यायची, असा नियम. ताई ते अंतर नजरेनंच मोजायची. त्यानं खड्ड्याच्या कडेपासून चकतीपर्यंत पट्टी धरली, वाकून पाहिलं, आणि आकडा मागे उभ्या असलेल्या दोघींना ऐकू जाईल इतक्याच आवाजात सांगितला.

तीन.