शंभर वर्षांचा स्वच्छ इतिहास

मोर्चातून उचललेल्या मुलाचा तीन दिवस पत्ता नव्हता. चौकीवाले हात वर करत होते, घरी बायकोने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. शेवटी मास्तर क्लबची पायरी चढले. तिथल्या पत्त्यांच्या खोलीत गृहमंत्री रोज संध्याकाळी डाव मांडून बसायचे, आणि क्लबचा शताब्दी ग्रंथ मास्तरांनीच लिहिला होता. एवढी ओळख पुरेल, अशी त्यांची भाबडी समजूत.

सेक्रेटरींनी त्यांना दारातच अडवलं. मास्तरांनी लाजलज्जा गुंडाळून ठेवली आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"साहेब, मंत्र्यांकडे फक्त एक शब्द टाका. पोरगा जिवंत आहे, एवढं कळलं तरी पुरे. याच खोलीतून आजवर कितीतरी लोकांची पोरं सुटली आहेत. जुन्या नोंदवह्यांत सगळं होतं, मी स्वतः वाचलंय."

"कुठे आहेत त्या वह्या? दाखवा बरं," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले.

क्लबच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून, कोणी सांगितलं नसताना, ग्रंथ लिहून झाल्यावर मास्तरांनीच त्या मागच्या अंगणात जाळल्या होत्या.

सेक्रेटरींनी कपाटातून ग्रंथ काढला, चष्मा लावला आणि पहिल्या पानावरचं पहिलं वाक्य सावकाश वाचलं: "या उंबरठ्याच्या आत शंभर वर्षांत कोणी कोणासाठी शब्द टाकलेला नाही."



"फार सुरेख लिहिलंय, मास्तर. मंत्रीसाहेबांना तर तोंडपाठ आहे."