तिसऱ्या स्क्रूची चमकी

तिसऱ्या स्क्रूवरची चमकी जुळत नव्हती.

भिंगताईंनी भिंग पदराने पुसलं आणि पुन्हा पाहिलं. काकांनी रोजच्यासारखे दोन फोटो छापून टेबलावर आणून ठेवले होते: काल संध्याकाळचा आणि आज सकाळचा. पोलादी पेटीच्या चारही स्क्रूंवर चमकीच्या नेलपॉलिशचा एकेक थेंब होता. चमकीचे कण कसे पडतील हे लावणाऱ्याच्याही हातात नसतं. थेंब खरवडून कोणी नवा लावला, की फोटो चुगली करतो. कालच्या फोटोत तिसऱ्या स्क्रूवर तीन कण एका ओळीत होते. आजच्यात ते पांगले होते. ताईंनी जाऊन प्रत्यक्ष पेटी पाहिली. तिथेही पांगलेलेच.

"पेटी उघडलीय कोणीतरी."

"नीट बघा, ताई. उजेडाचा फरक असेल," काका म्हणाले. प्रयोगशाळेतले ते सर्वांत जुने तंत्रज्ञ. यंत्रं चालू ठेवणं आणि माणसांची डोकी थंड ठेवणं, दोन्ही त्यांच्याकडे.

"वीस वर्षं हेच बघतेय, काका."

संशय घेण्याचाच ताईंना पगार मिळे, आणि पगाराबाहेरही त्या भरपूर घेत. नवऱ्याने दार लावलं म्हटलं तरी उठून कडी ओढून बघत. म्हणून तर नाव पडलं भिंगताई.

पेटीत मूळ कार्ड होतं. बँकांची, दवाखान्यांची, ओळखपत्रांची लाखो कार्डं त्याच्यातल्या गुप्त आकड्यांच्या किल्लीवर तयार होत. ते तासलं, कापलं, आम्लात बुडवलं, तर आतली बारीक जाळी तुटे आणि चिप स्वतःचं सगळं पुसून टाकी. चोराला एकच वाट उरे: कार्ड जागं होऊन काम करत असताना विजेचे चढउतार मोजून किल्ली ओळखायची. पण ते जागं होई फक्त ताईंच्या पिनवर, आणि तो पिन त्या झोपेतसुद्धा बरळल्या नसत्या.

दाराच्या नोंदीत काल शेवटची बाहेर पडली होती त्यांची भाची. सख्ख्या बहिणीची मुलगी. सहा महिन्यांपूर्वी ताईंनीच शब्द टाकून तिला इथे चिकटवलं होतं. कालचा फोटो काढून ठेवणारीही तीच.

त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"फोटो काढल्यावर किती वेळ थांबलीस?"

"अर्धा तास. अहवाल लिहीत होते."

"एकटीच?"

"हो. का गं, मावशी?"

"इथे मी मावशी नाही." त्यांनी कालचा फोटो पुढे सरकवला.

भाचीने तो बराच वेळ निरखला. "हा असा नव्हता वाटतं."

"आता फोटोही खोटा का?"

भाचीचा चेहरा उतरला. ती काकांकडे पाहू लागली, काका जमिनीकडे.

"पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, ताई," काका हळूच म्हणाले. "आधी कार्ड तपासा. आतलं शाबूत निघालं तर हिला निदान चोर तरी कोणी म्हणणार नाही."

नियमही तेच सांगत होता: सीलबद्दल शंका आली, तर दुसऱ्या माणसासमोर पेटी उघडायची आणि कार्डाची चाचणी घ्यायची. ताईंना काकांचा आधार वाटला. निदान एक माणूस तरी इथे सरळ होता.

काकांनी आपल्या टेबलावरचं तपासणी यंत्र आणलं. ताईंनी स्क्रू काढले, कार्ड खाचेत सरकवलं, हाताचा आडोसा करून पिन टाकला. यंत्र थोडा वेळ घुमलं आणि हिरवा दिवा लागला.

"शाबूत आहे," ताईंनी श्वास सोडला.

"आणखी दोनदा घेऊ या. पुढे कोणी बोट ठेवायला नको."

ताईंनी आणखी दोनदा पिन टाकला. दोन्ही वेळा हिरवा.

तरी सील मोडलं होतंच. चौकशी होईपर्यंत पास जमा कर, असं सांगताना ताईंनी भाचीच्या डोळ्यांत पाहायचं टाळलं. तिने पास टेबलावर ठेवला. "आईला काय सांगू?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गेली.

काकांनी यंत्राची वायर गुंडाळली. "हे फार तापतंय, खाली वर्कशॉपला देऊन येतो. आणि सूनबाईला दवाखान्यात न्यायचंय. दुपारची रजा टाकली तर चालेल ना?"

"जा तुम्ही. सकाळपासून तुम्हालाही ताप झाला."

तासाभरात बहिणीचा फोन आला. "माझ्या पोरीला चोर ठरवलंस? तिला कडेवर घेऊन फिरायचीस तू!" आणि तिने फोन आपटला.

दुपारी त्या वरिष्ठांसाठी अहवाल लिहायला बसल्या. चौकशीला महिनाभराचे फोटो जोडावे लागतात. रोजच्या तपासणीत मात्र फक्त कालचा आणि आजचा. जुळले, की ते ताईंच्या कुलपातल्या कपाटात जात. परवाचा फोटो पुन्हा काढून बघायचं कारण कोणालाच कधी पडलं नव्हतं.

त्यांनी गठ्ठा काढला आणि फोटो ओळीने मांडले. परवाचा. तेरवाचा. गेल्या आठवड्यातले. महिन्याच्या पहिल्या तारखेचा.

सगळ्यांत तिसऱ्या स्क्रूवरचे कण पांगलेले होते. अगदी आज सकाळसारखे. वेगळा होता तो एकटा कालचा.

थेंब कोणी खरवडलाच नव्हता. महिनाभरात पेटी एकदाच उघडली गेली होती, ती आज, त्यांच्याच हातांनी, आणि कार्ड गेलं होतं ते काकांच्या यंत्रात.

त्यांनी वर्कशॉपचा नंबर फिरवला. एकदा चुकला, पुन्हा फिरवला.

"ते तपासणी यंत्र दुरुस्तीला आलंय ना? काका घेऊन आले असतील सकाळी."

"काका? नाही हो, ताई. ते आज इकडे फिरकलेच नाहीत."