पाठीची जाळी

"जाळी बदलायला वेळ नाही. मुलगी बदला," माधवी मॅडम म्हणाल्या.

इंदुमतीच्या तोंडात चार टाचण्या होत्या, नाहीतर तिनं तिथंच सुनावलं असतं. गाऊन मॅडमचे, शिलाई इंदुमतीची. टोरांटोच्या त्या फॅशन शोला तासभर उरलेला. शोच्या शेवटी नवरीच्या गाऊनमधली मॉडेल येते, सगळा हॉल तिच्यासाठी थांबतो. आजवर ती नवरी गोरीच असायची. यंदा पहिल्यांदा काळी पोरगी निवडलेली, डेट्रॉइटची टॅमिका. आणि गाऊनच्या उघड्या पाठीला लावलेली, मोत्यांची वेल भरलेली जाळी तिच्या अंगावर अशी दिसत होती, जणू भाजल्यावर पट्टी बांधलीय!

घोळ इंदुमतीचाच. नागपुरात शिवण शिकली तेव्हापासून पाठीला जाळी लावायची म्हणजे दुकानात सांगायचं, "स्किन कलर द्या." दुकानदार गुलाबी-पिवळट थान काढणार. कुणाची स्किन, ते तो विचारत नाही, आपण सांगत नाही. इथं टोरांटोत, नॉर्थ यॉर्कच्या दुकानातही तिनं तेच मागितलं, अन् तेच मिळालं.

"इट्स ओके, मॅम. हॅपन्स ऑल द टाइम," टॅमिका म्हणाली, आणि चेन उघडायला तिनं स्वतःच हात मागे नेला.

ते काही इंदुमतीला बघवेना. टाचण्या तळहातावर काढून ती ओरडली, "हात खाली कर, पोरी!" अस्सल नागपुरी मराठीत. शब्द कळले नाहीत, तरी पोरीनं हात खाली केला.

"चूक माही हाय, मॅडम. सजा तिले काहून? तिचा मेकअप होऊ द्या. अर्धा तास द्या मले."

मॅडमनी घड्याळ बघून मान हलवली. इंदुमतीनं जाळी उसवली. किटलीतल्या उकळत्या पाण्यात चहाच्या वीस-पंचवीस बॅगा टाकल्या, वर मूठभर कॉफी. बुडव, पिळ, हेअर ड्रायरनं वाळव, बघ, परत बुडव. पाचव्या खेपेला मनाजोगता रंग धरला. मग सुई अशी पळाली की विचारू नका.

टॅमिका रॅम्पवर निघाली. टोकाला जाऊन वळली तर जाळी दिसेचना. नुसती मोत्यांची वेल, पाठीवर चढलेली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पडद्याआड मॅडमनी डोळे पुसले. "इंदुताई, पोरगी तर मेकअपच्या खुर्चीत होती. मग रंग जुळवलात कुणावर?"

इंदुमतीनं बाही कोपरापर्यंत वर केली. हात टॅमिकाच्या पाठीसारखाच काळा.

"चाळीस वर्सं स्किन कलर लावून राहिली, मॅडम. आज पहिल्यांदा तो माह्या कातडीचा निघाला."