आवाज येईपर्यंत

"धडधड चालू होईना," डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. मांडीतून आत सोडलेल्या बारीक तारांनी त्या अर्धा तास मेकॅनिकच्या बायकोचं हृदय डिवचत होत्या.

टेबलावर पडल्या पडल्या तिला हसू आलं. हे नेहमीचंच. बावीस वर्षं अधूनमधून छाती उधळायची, बोलताना धाप लागायची, आणि दवाखान्याची पायरी चढली की मेलं सगळं शांत. कार्डिओग्राम काढावा तर तोही नॉर्मल. परतताना नवरा म्हणायचा, "तुझ्या मनाचे खेळ आहेत."

आणि हाच माणूस गॅरेजात कुठल्या गिऱ्हाइकाला असं कधी बोलला नाही. "इथं आलं की आवाज बंद होतो हो," असं कुणी ओशाळून म्हणालं, की हा स्वतः गाडीत बसायचा. आवाज येईपर्यंत फिरवायची, हा त्याचा नेम. एकदा तर चाळीस किलोमीटर फिरून आला होता. हे तिच्या मनाला फार लागायचं, पण तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आत्ता तो बाहेर बाकावर बसला होता. "काही निघायचं नाही बघ," असं सकाळीच सांगून झालं होतं. आज खरंच काही निघालं नाही, तर ती पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नव्हती.

"शेवटचं एकदा बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ठोका घशाशी आला आणि छाती उधळली. पडद्यावरच्या रेघा दाटीनं पळू लागल्या, यंत्राची टकटक एकात एक मिसळली.

"सापडली! मिनिटाला एकशे नव्वद ठोके! जन्मापासूनची जास्तीची वाट आहे ही. तिच्यावरून हृदयातली वीज गोल गोल फिरतेय. आता हे थांबवते, मग ती वाट जाळून टाकू."

"थांबा," ती धापा टाकत म्हणाली. "आधी ह्यांना बोलवा."

"अहो, त्रास होतोय तुम्हाला."

"बावीस वर्षं होतोय. अजून एक मिनिट."

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला आणि होकाराची मान डोलावली.

मेकॅनिक दारात येऊन उभा राहिला. पडद्यावरचं त्याला काही कळेना. मग सवयीनं मान कलती करून, डोळे मिटून त्यानं ती टकटक नुसती ऐकली. त्याचा चेहरा उतरला.

"येतोय आवाज," तो म्हणाला. "बंद करा, बाई. लवकर बंद करा."